ट्युनिशिया : क्रांतीनंतरचा हिशेब

सत्तापालट : 14 जानेवारी 2011. राष्ट्राध्यक्ष झीन अल आबिदीन बेन अली 23 वर्षांच्या सत्तेनंतर सौदी अरेबियात पळाले.

आधी लष्करी न्यायालये : आंदोलकांच्या मृत्यूंबद्दल बेन अलींना गैरहजेरीत जन्मठेप (2012). सौदीने त्यांना सोपवलेच नाही. 2019 मध्ये तिथेच मृत्यू. याच मृत्यूंबद्दल बड्या अधिकाऱ्यांना झालेल्या शिक्षा 2014 च्या अपिलात 3 वर्षांवर आल्या. बहुतेक जण लगेच सुटले.

मग सत्य व प्रतिष्ठा आयोग : कायदा डिसेंबर 2013, काम जून 2014 पासून. अध्यक्ष पत्रकार सिहेम बेन्सेद्रीन. कक्षा जुलै 1955 ते डिसेंबर 2013, म्हणजे पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गीबा यांची राजवटही आलीच. तक्रारी 62,000 हून अधिक. पीडितांच्या जाहीर साक्षी नोव्हेंबर 2016 पासून, दूरचित्रवाणीवरून थेट.

फरक लक्षात घ्या : आयोग शिक्षा देत नव्हता. तो चौकशी करून प्रकरणे 13 विशेष न्यायपीठांकडे पाठवत असे.

- या न्यायपीठांपुढील खटल्यांत मुदत संपल्याची, जुन्या माफीची किंवा आधीच्या निकालाची सबब चालत नव्हती. तशी तरतूद 2014 च्या राज्यघटनेतच होती.
- पहिली सुनावणी : गाबेस, मे 2018. प्रकरण 1991 चे, कोठडीतील छळ व बेपत्ता मृतदेहाचे.
- अंतिम अहवाल 2019 मध्ये. राजपत्रात यायला 2020 उजाडले.
- ऑगस्ट 2024 : खुद्द बेन्सेद्रीन यांना अटक.