वायरलेस कीबोर्ड रुसला? आधी सेल बघा, मग भाषा!

कीबोर्ड नीट चालेना, की घरात दोष बहुधा माणसावर येतो. आजोबा ‘आता हे मला जमायचं नाही’ म्हणत खुर्ची सोडतात आणि नातू ‘नवाच घेऊया’ म्हणतो. बऱ्याच वेळा दोघांचंही चुकतं. बिघाड साधाच असतो आणि एकही रुपया न खर्चता दूर होतो.

तंजावरच्या मराठी घरांत हा प्रश्न जरा जास्त जिव्हाळ्याचा. इथलं भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये संपलं, पण घरातली मराठी टिकली. १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरफोजीराजांनी देवनागरी छापखानाही उभारला. आज आजोबांच्या आठवणी किंवा आजीच्या तोंडची तंजावरी मराठी जपून ठेवायची, तर साधन हा कीबोर्डच. तो अडला की लिहिणं थांबतं, आणि एकदा थांबलं की राहूनच जातं.

म्हणून तपासणी क्रमाने करा.

१. सेल
अक्षरं गळतायत, किंवा जवळून चालतं आणि लांबून नाही? दोन्ही सेल एकदम बदला. एक जुना, एक नवा असं करू नका. सेलमधून पांढरी भुकटी आली असेल, तर पत्र्याची टोकं कोरड्या कापडाने पुसा. गावाला जाताना सेल काढून ठेवा.

२. रिसीव्हर
यूएसबीत लावायचा तो छोटा तुकडा आणि तुमचं वायफाय बहुधा एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० पोर्टला हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडला असेल, तर त्याचाही अडथळा होतो. रिसीव्हर दुसऱ्या पोर्टमध्ये, शक्यतो सीपीयूच्या पुढच्या बाजूला लावा. कीबोर्ड ब्लूटूथचा असेल, तर यादीतून त्याचं नाव काढून टाका आणि पुन्हा जोडा.

३. धूळ आणि ओल
ऑक्टोबर ते डिसेंबर हे तंजावरचे पावसाचे महिने. हवेत ओल असते, कळा चिकटतात. कीबोर्ड बंद करा, उपडा धरून हलकेच थोपटा, किंचित ओलसर कापडाने पुसा. फिल्टर कॉफी सांडलीच, तर लगेच सेल काढा, कीबोर्ड उपडा ठेवा आणि निदान एक दिवस पंख्याखाली वाळू द्या. हेअर ड्रायरची गरम हवा मात्र नको, प्लॅस्टिक वाकतं.

४. नकळत दाबलेली कळ
उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली, तर विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ सुरू होऊ शकतं. मग क्षणभरच दाबलेली अक्षरं उमटत नाहीत. हात सावकाश चालणाऱ्यांकडून हे सहज घडतं. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ते बंद करा. अक्षरांऐवजी आकडे येत असतील, तर नम लॉक बघा.

५. भाषा
तीन भाषांच्या घरात हे सगळ्यात जास्त नजरेतून सुटतं. विंडोजची कळ आणि स्पेस एकदम दाबली, की भाषा बदलते. मराठी आणि तमिळ दोन्हींसाठी इन्स्क्रिप्ट मांडणी असेल, तर इंग्रजी ‘के’च्या कळीवर दोन्हीकडे ‘क’च येतो, फक्त लिपी बदलते. पण तमिळसाठी ‘तमिळ ९९’ मांडणी निवडलेली असेल, तर त्याच कळीवर तमिळ ‘म’ उमटतो. बघणाऱ्याला वाटतं, कीबोर्ड बिघडला! प्रत्यक्षात तो फक्त दुसऱ्या भाषेत बोलत असतो. नको असलेल्या मांडण्या यादीतून काढून टाका, म्हणजे गोंधळच उरणार नाही.

दोष नेमका कुठे? एक सोपी परीक्षा
माउसने सेटिंग्जमधला ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ उघडा आणि पडद्यावरची तीच कळ दाबा. तिथेही चुकीचंच अक्षर आलं, तर दोष सेटिंगचा. तिथे बरोबर आलं, तर दोष कीबोर्डचा, सेलचा किंवा रिसीव्हरचा. मग तोच कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला जोडून बघा. तिथेही तसाच वागला, तर मात्र दुरुस्तीला न्या.

अशा दिवसांसाठी वायरचा एक साधा कीबोर्ड घरात असू द्या. त्याला ना सेल लागतो, ना रिसीव्हर. आणि भाषा बदलायच्या दोन कळा एका चिठ्ठीवर ठळक लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा. पुढच्या वेळी आजोबांना नातवाच्या सुट्टीची वाट बघावी लागणार नाही. जुना कीबोर्ड खरंच संपला, तर तो आणि त्याचे सेल ओल्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.