कोऱ्या फिल्मवरील जकात कोणाच्या रक्षणासाठी?

जकातीच्या कोठारात येणाऱ्या बहुतेक मालाची परीक्षा डोळ्यांनी करता येते. कापडाचे ठाण उलगडून पाहावे, यंत्राचे खोके फोडून पाहावे, तेलाचा डबा उघडून वास घ्यावा. परीक्षा संपली की माल जसाच्या तसा धन्याच्या हवाली होतो. छायाचित्राची कोरी फिल्म मात्र ह्या नियमास अपवाद आहे. ती उघडून पाहिली की नासली. आणि चमत्कार असा की, कायद्याने तिची वर्गवारी ज्या भेदावर उभारली आहे, तो भेद न उघडता दिसत नाही आणि उघडल्यावर उरत नाही! ज्या गुंडाळीस प्रकाश लागलेला नाही ती दरपत्रकाच्या ३७०२ ह्या सदराखाली पडते. प्रकाश लागला परंतु धुतली नाही, तर ती ३७०४ खाली. धुऊन झाली तर ३७०५ खाली, आणि तीच चित्रपटाची असेल तर ३७०६ खाली. डबीच्या तोंडाशी लोंबणारे शेपूट पाहून एखादा अनुभवी अंमलदार अंदाज बांधील, नाही असे नाही. परंतु अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, आणि जकातीचा कायदा पुराव्यावर चालावा अशी निदान अपेक्षा तरी आहे.

ही सदरे आपल्या सरकारच्या लहरीतून निघालेली नाहीत, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या आश्रयाखाली मालाच्या वर्गवारीची जी एकसूत्री पद्धत तयार झाली, ती १ जानेवारी १९८८ पासून जगात अमलात आली. आपल्याकडे १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाची परिशिष्टे त्याच पद्धतीवर १९८६ मध्येच नव्याने बेतली गेली होती. तिचे ३७ वे प्रकरण सर्वस्वी छायाचित्रणाच्या मालासाठी राखलेले आहे. तेव्हा सदरांच्या क्रमांकाविषयी आमची तक्रार नाही. क्रमांक जगाचा आहे. त्या क्रमांकापुढे किती दर लिहावयाचा हे मात्र दिल्लीचे काम आहे, आणि तेथेच आमचे भांडण आहे.

तरीही वर्गवारीची बारीक कात्री कशी चालते ते व्यापाऱ्यांनी एकदा पाहून ठेवावे. ३७०२ च्या पोटात फिल्मचे आणखी तुकडे पाडलेले आहेत: क्ष-किरणांची निराळी, भोके नसलेली निराळी, रंगीत निराळी, कृष्णधवल निराळी, मग रुंदी ३५ मिलिमीटरपर्यंत की अधिक, आणि शेवटी लांबी ३० मीटरपर्यंत की त्याहून जास्त. ह्या ३० मीटरमागील हेतू उघड आहे. कॅमेऱ्यात घालावयाची ३६ चित्रांची गुंडाळी दीड-पावणेदोन मीटरची असते, तर चित्रपटाचे रीळ शेकडो फुटांचे. दोहोंच्या मध्ये कोठेतरी रेघ ओढावयाची म्हणून ती ३० मीटरवर ओढली. परंतु काटकसरी छायाचित्रकार आणि लहान स्टुडिओवाले जो घाऊक डबा घेतात, आणि ज्यातून घरच्या घरी अंधारात सुमारे अठरा गुंडाळ्या भरतात, तो डबा १०० फुटांचा, म्हणजे ३०.४८ मीटरचा असतो. रेघेच्या पलीकडे जेमतेम एक हात! त्या हातभर फितीमुळे काटकसरी गृहस्थाचा डबा कायद्याच्या दृष्टीने सिनेमावाल्यांच्या पंक्तीस जाऊन बसतो. आज दोन्ही पंक्तींस वाढणे सारखे असेल, तर उद्या ते निराळे होऊ शकते, आणि चुकीचा क्रमांक लिहिल्याचे खापर लिहिणाराच्याच माथी फुटते. २०११ पासून आपल्या मालाची वर्गवारी व आकारणी प्रथम स्वतः करण्याची जबाबदारी आयातदारावर आहे. त्यात कमी कर भरला गेला असे खात्यास पुढे वाटले, तर दोन वर्षांपर्यंत, आणि दडवणुकीचा आरोप ठेवता आल्यास पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन व्याजासह मागणी करता येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोऱ्या फिल्मवर जकात बसवावयाची ती कशासाठी?

हा प्रश्न नवा नाही. आपल्या प्रांताने तो प्रथम सोसला आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत दाखविला. ती कोरी फिल्म परदेशाहून येई, तीही भोके न पाडलेली. अंधारात बसून तिच्या कडांस भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. दरपत्रकात आज ‘भोके नसलेली’ हा जो निराळा पोटविभाग आहे, त्यातून फिल्म उचलून दुसऱ्या विभागात टाकण्याचे कार्य ह्या बाईंनी स्वयंपाकपाणी सांभाळून केले, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे कोल्हापुरास बाबूराव पेंटरांनी कॅमेरा देखील इकडेच घडविला. नट आपले, कथा आपल्या, पडदे आपले, कॅमेराही आपला. परंतु त्या कॅमेऱ्यात घालावयाची फीत मात्र आगबोटीतूनच उतरावयाची. स्वदेशीचा एवढा मोठा प्रयोगही कोऱ्या फिल्मपाशी येऊन अडला.

इंग्रज सरकारने १९२७ मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारियार ह्यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटविषयक समिती नेमली. कोऱ्या फिल्मवरील जकात काढून टाकावी, ही समितीने १९२८ मध्ये केलेल्या शिफारशींपैकी एक होती. समितीच्या बहुतेक शिफारशींची जी गत झाली तीच हिचीही झाली. अहवाल कपाटात गेला. मग दुसरे महायुद्ध आले, फिल्मचा तुटवडा पडला आणि १९४२ मध्ये सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणून ठेवली. ज्या देशास आपली फिल्म करता येत नाही, त्याच्या कथेची लांबीदेखील दुसऱ्याच्या गोदामावर ठरते, हा धडा तेव्हा मिळाला.

स्वराज्य आल्यावर ह्या धड्यास अनुसरून १९६० मध्ये निलगिरीत, उटकमंड येथे, ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला. फ्रेंच सहकार्याने उभारलेल्या ह्या कारखान्याचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले, आणि ‘इंदू’ ह्या नावाची गुंडाळी, कागद व क्ष-किरणांची फिल्म गावोगावच्या फोटो स्टुडिओंत व दवाखान्यांत पोहोचली. ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी लाल दिव्याच्या उजेडात कागद धुतले, त्यांस ती खोकी आठवतच असतील. त्या काळी परदेशी फिल्मवर भारी जकात होती, आणि आम्ही त्या काळी लेखणी धरली असती तर तिचे समर्थनच केले असते. मूल रांगत असता त्याच्याभोवती आडवे लाकूड घालावेच लागते. परंतु ह्या मुलाचा मुख्य आधार कृष्णधवल माल होता; बाजार रंगीत झाला, १९९१ नंतर आयातीचे दरवाजे उघडले, आणि शेवटी फिल्मलाच निवृत्त करणारे अंकीय कॅमेरे आले. नव्वदीच्या दशकात कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला आणि पुढे कायमचा बंद झाला. आज कॅमेऱ्यात घालावयाच्या फिल्मवर रसायनाचा थर चढविणारा कारखाना आपल्या देशात चालू नाही. मूल गेले, पाळणा गेला; आडवे लाकूड मात्र दारात तसेच आहे, आणि येणारा-जाणारा त्यास ठेचकाळतो.

ठेच किती लागते ते हिशोबाने पाहू. सोयीसाठी मूळ दर शेकडा १० धरला आणि एकात्मिक वस्तू व सेवा कर शेकडा १८ धरला, तर भाडे व विमा धरून १,००० रुपयांच्या मालावर प्रथम १०० रुपये जकात. त्या जकातीवर शेकडा १० समाजकल्याण अधिभार, म्हणजे १० रुपये. आणि मग १,११० रुपयांच्या बेरजेवर १९९ रुपये ८० पैसे. म्हणजे करावरही कर. एकूण ३०९ रुपये ८० पैसे. ह्यातील शेवटची रक्कम नोंदणीकृत व्यापाऱ्यास पुढील करातून वळती करून घेता येते. पहिले ११० रुपये कोणासच परत मिळत नाहीत. ते किमतीत मिसळतात, त्यांवर व्यापाऱ्याचा नफा चढतो, आणि गिऱ्हाइकाच्या हाती गुंडाळी येईपर्यंत ११० चे किती झाले हे कोणी विचारू नये.

जो विद्यार्थी दुकानात न मिळणारी चार गुंडाळ्यांची पुडी टपालाने मागवितो त्याची कथा तर निराळीच आहे. दरपत्रकाचे ९८ वे प्रकरण असे आहे की, तेथील अट लागू पडली म्हणजे मालाचे स्वतःचे सदर कितीही नेमके असले तरी ते बाजूस सरते. त्या प्रकरणातील ९८०४ ह्या सदराखाली टपालाने किंवा विमानाने वैयक्तिक उपयोगासाठी आलेला माल सरसकट एका दराने आकारला जातो. फिल्म असो, फुलदाणी असो, कायद्यास दोन्ही सारखीच. हा दर वेळोवेळी बदलत आला आहे, परंतु फिल्मच्या स्वतःच्या दराशी त्याची गाठ मारलेली नाही. उद्या सरकारने ३७०२ पुढे शून्य लिहिले तरी त्या शून्याचा लाभ ह्या विद्यार्थ्यास आपोआप होईलच असे नाही.

कोणी म्हणेल, ही मूठभर हौशी लोकांची चैन आहे. चैनीवर कर असावाच. आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. चैनीच्या मालात आणि विद्येच्या साधनात भेद करावयास नको काय? ज्या संस्था जुन्या चित्रपटांच्या नव्या प्रती फिल्मवरच काढून थंड कोठारांत ठेवतात, त्यांचे काम चैनीचे नव्हे. आपल्या मूकपटांपैकी बहुतांश नष्ट झाले. कित्येक रिळे त्यांतील चांदीसाठी विकली गेली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले तोवर मूकपटाचे युग संपून तीस वर्षे लोटली होती. आणि हौशी मूठभर असतील, तर त्यांच्याकडून मिळणारा महसूलही मूठभरच. एकाच तोंडाने ‘गिऱ्हाईक थोडे’ आणि ‘महसूल बुडेल’ असे दोन्ही म्हणता येणार नाही.

शिवाय तत्त्व म्हणून ही गोष्ट सरकारने पूर्वीच मान्य केलेली आहे. २०१०-११ च्या अंदाजपत्रकात असे ठरले की, प्रती काढण्यासाठी आणलेल्या चित्रपटाच्या अंकीय मूळ प्रतीवर जकात घ्यावयाची ती केवळ ज्या वस्तूवर चित्रपट साठविला आहे तिच्या किमतीवर. आतील कलाकृतीच्या किमतीवर नव्हे. २०११-१२ मध्ये रंगीत कोऱ्या चित्रपट-फिल्मच्या ४०० व १,००० फुटांच्या मोठ्या रिळांस करात सवलत जाहीर झाली. चांगलेच झाले. परंतु ४०० फुटांस सवलत आणि १०० फुटांस नाही, ह्याचा अर्थ एवढाच की ज्यांचा आवाज अर्थखात्याच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचतो त्यांचे रीळ लांब असते.

मित्रराष्ट्रांशी झालेल्या व्यापार-करारांकडे बोट दाखवून काही जण म्हणतील की सवलत त्या वाटेने मिळते. ती वाटही सरळ नाही. करारातील सवलत खोक्यावरील नावास नसून माल जेथे तयार झाला त्या देशास असते. आज प्रख्यात जपानी नावाची काही रंगीत गुंडाळी अमेरिकेत तयार होऊन येते; तिला जपानच्या कराराचा आधार घेता येणार नाही. बीजक करण्यापूर्वी खोक्याच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचावीत.

आमची मागणी अशी की, ३७०२ मधील कॅमेऱ्याच्या व चित्रपटाच्या कोऱ्या फिल्मपुढे मूळ दर शून्य लिहावा, आणि तो परिशिष्टातच लिहावा. अधिसूचनेने देऊ नये. ह्यास कायद्याचे कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३० जुलै २०१८ रोजी मुंबईच्या सीमाशुल्क आयुक्तांविरुद्ध दिलीपकुमार आणि कंपनी ह्या खटल्यात असा निर्णय दिला की, करसवलतीच्या अधिसूचनेचा अर्थ संदिग्ध असेल तर संशयाचा फायदा करदात्यास नसून सरकारास मिळेल. कर बसविणाऱ्या कलमात मात्र संशयाचा फायदा करदात्याचा. तेव्हा हातभर लांबीवर आणि न दिसणाऱ्या प्रकाशावर ज्याची वर्गवारी ठरते, अशा मालास अधिसूचनेची सवलत देणे म्हणजे फिर्याद सोबत बांधून दान देणे होय. ९८०४ च्या विद्यार्थ्यासाठीही अशी तरतूद व्हावी की, ज्या मालाचा स्वतःचा दर शून्य आहे तो सरसकट दरातून वगळावा.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ज्या पेढ्या हा माल नियमित आणतात त्यांनी मुंबईच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करून आपल्या मालाचा क्रमांक आधीच निश्चित करून घ्यावा. हा मार्ग कायद्याने दिलेला आहे. पुडीवर ‘प्रकाशात उघडू नये’ ही सूचना ठळक लिहावी, आणि विमानतळावरील नव्या तीव्र क्ष-किरण यंत्रांनी कोरी फिल्म काळवंडते म्हणून हाताने तपासणीची विनंती कागदोपत्री करावी. जकातखात्यासही एक गोष्ट आजच करता येईल. छायाचित्रकार ज्या काळ्या, दुहेरी कापडाच्या बाह्यांच्या पिशवीत हात घालून अंधारात फिल्म हाताळतात, ती पिशवी फार महाग नसते. डब्यात फिल्मखेरीज दुसरे काही लपविले आहे की काय हे त्या पिशवीत हात घालून चाचपता येते. फिल्मला प्रकाश लागला आहे की नाही ह्याबद्दल आयातदाराच्या लेखी कथनावर विसंबावे. बॅलार्ड पिअरच्या विदेश डाक भवनात आणि विमानतळाच्या कुरिअर विभागात अशी एकेक पिशवी खुंटीला टांगून ठेवण्यास कोणत्याही दुरुस्ती-विधेयकाची जरुरी नाही.