गंजलेला नट का हलत नाही?

पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मोटारगाडीची दुरुस्ती करताना बिघडलेला भाग ओळखणे एकवेळ सोपे असते. तो सोडवणे अवघड. सायलेन्सरचा किंवा चाकाचा एखादा नट असा जाम झालेला असतो की पाना घसरतो, नटाचे कोपरे झिजतात आणि अखेर बोल्टच तुटतो. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत हा अनुभव नेहमीचाच. जाणता मेस्त्री मात्र असा नट फारशी झटापट न करता सोडवतो. त्याच्या प्रत्येक कृतीमागे शाळेत शिकवले जाणारेच विज्ञान असते.

प्रथम नट अडकतो का, ते पाहू. लोखंड, ऑक्सिजन व पाणी यांच्यातील क्रियेने गंज तयार होतो. पाण्यात मीठ असेल तर त्याची विद्युतवाहकता वाढते आणि क्रिया वेगाने होते. महत्त्वाची गोष्ट अशी की गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. लोखंडाचे फेरिक ऑक्साइड झाले की आकारमान सुमारे दुप्पट होते. त्यात पाण्याचा अंश असेल तर ते तिपटीच्या घरात जाते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट अगदी बारीक असते. तिच्यात हा वाढता गंज पाचरीसारखा ठासून बसतो. आट्यांवरचा दाब वाढतो आणि दाबाबरोबर घर्षणही वाढते.

अॅल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट असेल तर आणखी एक क्रिया घडते. दोन भिन्न धातू आणि मधले खारट पाणी मिळून विद्युतघट तयार होतो. त्यात अॅल्युमिनियम झिजते व त्याचे पांढरे ऑक्साइड आट्यांत साचते.

आता उपाय. पहिला उपाय तेलाचा. येथे इंजिनचे दाट तेल उपयोगी पडत नाही. पातळ आणि कमी पृष्ठताण असलेले तेल लागते, कारण ते केशाकर्षणाने गंजातील सूक्ष्म फटींत शिरते. तेल गंज विरघळवते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. तेल फटीत शिरून घर्षण कमी करते, एवढेच. अरुंद फटीत द्रव हळूहळू सरकतो. म्हणून तेल लावून रात्रभर थांबावे आणि मधूनमधून पुन्हा लावावे.

दुसरा उपाय हातोडीचा. गंज ठिसूळ असतो, पोलाद चिवट. बोल्टच्या डोक्यावर बेताचे ठोके दिले की गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. नट आधी किंचित आवळून मग सोडवण्यामागेही हाच हेतू असतो.

तिसरा उपाय उष्णतेचा. नट तापवला की त्याचे भोक लहान होईल की मोठे? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. धातू सर्व बाजूंनी फुगतो, म्हणून भोक आकसेल, असे अनेक विद्यार्थी सांगतात. प्रत्यक्षात भोक मोठे होते. पोलादाची लांबी दर अंश सेल्सियसला सुमारे १२ दशलक्षांश भागाने वाढते. बोल्टपेक्षा नट २५० अंशांनी अधिक तापला, तर १२ मिमी व्यासाचे भोक ०.०३६ मिमीने वाढेल. हे अंतर केसाच्या जाडीहूनही कमी आहे. पण गंजाची पकड सुटायला तेवढे पुरते. अट एकच: नट झटपट तापवायचा. सावकाश तापवला तर बोल्टही तेवढाच तापतो, आणि फरक उरत नाही.

राहिला प्रश्न बळाचा. २५ सेंमी लांबीच्या पान्यावर २०० न्यूटन बळ लावले तर ५० न्यूटन-मीटर परिबल मिळते. पान्याला नळी जोडून लांबी दुप्पट केली की परिबलही दुप्पट होते. मात्र बोल्टची पिळाला तोंड देण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. १२ मिमीचा बोल्ट जेवढा पीळ सोसतो, त्याच्या एक-अष्टमांश पिळाने त्याच पोलादाचा ६ मिमीचा बोल्ट तुटतो. ब्रेकमधील हवा काढण्याचे निपल तर आतून पोकळ असते. तेथे लांब पाना म्हणजे संकटाला निमंत्रण.

काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पेट्रोलची टाकी व नळ्या, ब्रेकचे रबरी भाग आणि नुकतेच तेल लावलेली जागा यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. ठोके देताना डोळ्यांवर चष्मा हवा. लाल होईपर्यंत तापवलेला बोल्ट पुन्हा बसवू नये. उष्णतेने त्याचे बळ घटलेले असते. चाक आणि ब्रेक यांच्या बाबतीत तर हा प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे.

शाळेत हा प्रयोग सहज करता येईल. सारखे सहा नट-बोल्ट आवळून मिठाच्या पाण्याने रोज भिजवावेत व वाळू द्यावेत. महिन्याभराने दोन तसेच ठेवावेत, दोनांना पातळ तेल लावून रात्रभर ठेवावे आणि दोनांना ठोके देऊन मग तेल लावावे. पान्याच्या टोकाला तागडीचा काटा अडकवून नट सुटताना लागलेले बळ मोजावे. गंज, केशाकर्षण, घर्षण आणि परिबल हे पुस्तकातले चार वेगवेगळे धडे मग एकाच नटावर एकत्र आलेले विद्यार्थ्यांना दिसतील.