व्हायकाउंट: नायबाचा धनी कसा झाला?

‘व्हायकाउंट’ या शब्दाची फोड केली की निम्मा इतिहास हाती लागतो. लॅटिनमध्ये ‘व्हाइस’ म्हणजे ऐवजी आणि ‘कोमेस’ म्हणजे काउंट. थोडक्यात, काउंटचा नायब.

आता काउंट कोण? नवव्या शतकात, कॅरोलिंजियन राजवटीत, तो राजाने नेमलेला अधिकारी होता. न्यायनिवाडा, वसुली, फौज गोळा करणं ही त्याची कामं. मुलूख मोठा असला की तो ठिकठिकाणी नायब बसवायचा. पुढे राजसत्ता दुबळी झाली. काउंटांनी आपली पदं घराण्यातच ठेवली आणि नायबांनीही तोच कित्ता गिरवला. किल्ला ज्याच्या ताब्यात, हुकूम त्याचा! अशा रीतीने नेमणुकीचं पद वारसाहक्काचं झालं.

दक्षिण फ्रान्समधलं त्रँकावेल घराणं पाहा. बाराव्या शतकात आल्बी, बेझिये, कार्कासोन हा सगळा टापू त्यांच्याकडे होता. किताब नायबाचा, पण थाट राजाचा. एकीकडे तुलूझचा काउंट, दुसरीकडे बार्सिलोनाचा. त्रँकावेल कधी याला धनी मानायचे, कधी त्याला. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या भांडणातच त्यांचं स्वातंत्र्य होतं.

पण अशा स्वातंत्र्याची किंमत संकटात कळते. 1209 मध्ये कॅथर पंथाविरुद्ध पोपने पुकारलेल्या धर्मयुद्धाची फौज आली. तुलूझचा काउंट त्या फौजेलाच जाऊन मिळाला होता. बार्सिलोनाचं काउंटपदही सांभाळणारा आरागॉनचा राजा मध्यस्थीला आला आणि हात हलवत परतला. 22 जुलैला बेझिये पडलं, तिथे भीषण कत्तल झाली. ऑगस्टमध्ये कार्कासोन शरण गेलं. लोकांना घरदार सोडून निघावं लागलं. चोवीस वर्षांचा व्हायकाउंट रेमों-रोजे नोव्हेंबरमध्ये कैदेत मरण पावला. मुलूख सिमों द मोंफोर्कडे गेला.

शेवटी 1247 मध्ये रेमों-रोजेच्या मुलाने आपले हक्क फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या स्वाधीन केले. राजाने तिथे नवा व्हायकाउंट बसवला का? नाही. कारभार ‘सेनेशल’कडे होता, म्हणजे राजाने नेमलेल्या आणि राजाला बदलता येणाऱ्या अधिकाऱ्याकडे.

इंग्लंडमध्ये तर लॅटिन कागदपत्रांत हाच शब्द शेरीफसाठी वापरत, आणि शेरीफ बहुतांशी राजाचा नोकरच राहिला. तिथे ‘व्हायकाउंट’ हा सरदारकीचा किताब आला थेट 1440 मध्ये, पण त्यामागे मुलुखाची सत्ता नव्हती. तेव्हा मध्ययुगातला किताब वाचताना आधी एवढंच विचारावं: या माणसाला पदावरून कोण काढू शकतं?