क्वार्टर

क्वार्टर : इंग्रजी भाषेतील चतुर्थांशवाचक शब्द. एखाद्या वस्तूच्या चार समान भागांपैकी एक, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे वजन, धान्याचे माप, नाणे, कालखंड, नगरविभाग, निवासस्थान, इतकेच नव्हे तर शरणागतास दिलेले जीवदान, असे अनेक अर्थ त्यास प्राप्त झाले. यांपैकी शेवटच्या तीन अर्थांत चार या संख्येचा बोध उरलेला नाही.

व्युत्पत्ती : लॅटिन ‘क्वार्टुस’ (चौथा) या शब्दापासून ‘क्वार्टारियुस’ (चौथा हिस्सा) हा शब्द बनला. रोमन लोकांत या नावाचे एक द्रवमापही होते. प्राचीन फ्रेंच भाषेतून तो इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत रूढ झाला. लॅटिन ‘क्वात्तुओर’ व संस्कृत ‘चत्वारः’ हे संख्यावाचक शब्द एकाच इंडो-यूरोपीय मूळाचे असल्याने ‘क्वार्टर’ आणि मराठी ‘चौथा’ यांचे दूरचे नाते आहे. पेनीच्या चौथ्या भागास दिलेले ‘फार्दिंग’ हे नाव मात्र इंग्रजीच्या स्वतःच्या चार-वाचक शब्दापासून झाले आहे.

कापलेल्या जनावराचा एकेका पायासह केलेला चौथा भाग, हा या शब्दाचा एक जुना अर्थ होय. संस्कृतातील ‘पाद’ या शब्दाची वाटचालही अशीच आहे. चतुष्पादाचा एक पाय म्हणून पाद म्हणजे चतुर्थांश. त्यापासूनच मराठी पाव, सवा (सपाद) आणि पाऊण (पादोन) हे शब्द झाले. खाण्याचा पाव मात्र पोर्तुगीज भाषेतून आलेला असून त्याचा चतुर्थांशाशी संबंध नाही.

मापे व नाणी : हंड्रेडवेट (११२ पौंड) या ब्रिटिश वजनाचा चौथा भाग म्हणजे २८ पौंडांचा (सु. १२·७ किग्रॅ.) क्वार्टर होय. मुंबईचा जुना मणही २८ पौंडांचाच धरीत. धान्याचा क्वार्टर ८ बुशेलांचा असे. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत सर्व राज्यात धान्यासाठी लंडनचा क्वार्टर हेच माप वापरावे, असे कलम आहे. अमेरिकेत २५ सेंटच्या नाण्यास क्वार्टर म्हणतात. ते १७९६ मध्ये प्रथम पाडण्यात आले. भारतात रुपयाच्या चतुर्थांशास चार आणे किंवा पावली म्हणत. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले.

कालमापन : पाव तास व तिमाही हे अर्थ सुपरिचित आहेत. इंग्लंडमध्ये २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर व २५ डिसेंबर हे भाडेवसुलीचे परंपरागत तिमाही दिवस होत. चंद्राच्या संदर्भात या शब्दाने घोटाळा होण्याचा संभव असतो. ‘पहिल्या क्वार्टर’ला चंद्रबिंब अर्धे प्रकाशित दिसते. येथे चतुर्थांश बिंबाचा नसून सु. २९·५ दिवसांच्या चांद्रमासाचा असतो.

स्थळ व निवास : चार दिशांपैकी एक, त्यावरून कोणताही प्रदेश, नंतर शहराचा एखादा भाग, असा अर्थविस्तार होत गेला. पॅरिसमधील लॅटिन क्वार्टर हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. सैनिकांना राहण्यास नेमून दिलेल्या जागेलाही हेच नाव मिळाले आणि त्यावरून सेनापतीचे ते ‘हेडक्वार्टर’ ठरले. नागरिकांच्या घरांत सैनिक ठेवणे हा जुलूम मानला जाई. म्हणून शांततेच्या काळात घरमालकाच्या संमतीशिवाय असे करण्यास अमेरिकेच्या संविधानातील तिसऱ्या दुरुस्तीने (१७९१) मनाई केली.

जीवदान : ‘क्वार्टर देणे’ म्हणजे शरण आलेल्या शत्रूस न मारता कैद करणे. हा अर्थ बहुधा कैद्यास आसरा देण्याच्या कल्पनेतून आला असावा. वेतनाच्या चतुर्थांशाइतकी खंडणी घेऊन कैदी सोडीत, त्यावरून हा प्रयोग रूढ झाला, अशीही एक उपपत्ती सांगतात. परंतु खंडणी जेता घेतो, देत नाही. त्यामुळे ‘देणे’ या क्रियापदाशी ती जुळत नाही. ‘क्वार्टर दिले जाणार नाही’, म्हणजे कोणालाही जिवंत सोडणार नाही, अशी घोषणा करण्यास हेग येथील १९०७ च्या युद्धनियमांच्या २३ व्या कलमाने बंदी घातली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीत (१९९८) ती युद्धगुन्हा मानली आहे. हिश्श्याचे मोजमाप करणारा शब्द अशा रीतीने माणसाच्या प्राणाशी निगडित झाला.

मराठीतील वापर : मराठीत हा शब्द मुख्यतः निवासाच्या अर्थाने रुळला आहे. रेल्वे, पोलीस, गिरण्या व सरकारी खाती यांनी कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या घरांना क्वार्टर किंवा क्वार्टर्स म्हणतात. इंग्रजीतील हे अनेकवचन मराठीत एका घरासाठीही वापरतात. बोलभाषेत १८० मिलि. मद्याच्या बाटलीलाही क्वार्टर म्हणतात. ७५० मिलि.च्या बाटलीचा तो सुमारे चौथा भाग असल्याने येथे मूळ अर्थ टिकून आहे. लिखित मराठीत मात्र तिमाही, मुख्यालय, उपांत्यपूर्व फेरी असे प्रसंगानुसार वेगवेगळे प्रतिशब्द योजावे लागतात.