घर आधी, परवानगी मागाहून : नगरपरिषदेची नोटीस आल्यावर काय करावे?



हंगाम आटोपून ऊसबिलाचा हप्ता खात्यावर पडला, की आपल्याकडे पहिली येते वीट, मग वाळू, मग गवंडी. परवानगीचा कागद सर्वांत शेवटी, आणि पुष्कळदा येतच नाही. गाव ग्रामपंचायतीत असताना हे खपून गेले. पण आता कित्येक गावांची नगरपंचायत झाली, काही हद्दवाढीत शहराला जोडली गेली, आणि तिथे घराघरांत नोटिसा येऊ लागल्या आहेत.

मागच्या हंगामात आमच्या गटातील एक सभासद अशी नोटीस खताच्या पिशवीत घालून गट ऑफिसात आले. आठ दिवस ती देव्हाऱ्यामागे होती. सोबत एक अर्जही लिहून आणला होता : मी गरीब शेतकरी आहे, मुलाचे लग्न ठरले आहे, तरी दया व्हावी. सही झोकदार होती, पण तो अर्ज काही कामाचा नव्हता. मोठी चूक होते ती इथेच.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली विनापरवाना पुऱ्या झालेल्या बांधकामाला कलम ५३ ची नोटीस निघते. बांधकाम काढून जागा पूर्ववत करा, एवढेच आपण तिच्यात वाचतो आणि घाबरतो. पण त्याच कलमात मार्गही दिलेला आहे. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत, बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ प्रमाणे रीतसर परवानगीचा अर्ज करता येतो. असा अर्ज पडला की त्याचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीने घराला बाधा येत नाही. दयेच्या अर्जाला हे संरक्षण नाही. म्हणून नोटीस हाती पडली त्याच दिवशी तिच्यावर तारीख टाका, मुदत किती ते वाचा आणि परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट गाठा. अर्ज ऑनलाइन भरला तर पावती छापून घ्या, हातोहात दिला तर आवक शिक्क्याची पोच घ्या. साहेबांशी बोलणे झाले आहे, या शब्दावर कुणी घर राखल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

काम चालू असतानाच नोटीस आली तर ती कलम ५४ ची, काम थांबवण्याची. मग मात्र रात्रीत स्लॅब ओतून टाकू, हा विचार करू नये. कलम ५२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

आता नकाशा. अर्जाबरोबरचा नकाशा घर जसे उभे आहे तसाच हवा. एखादा खोलीभर वाढावा लपवून नकाशा काढला, तर जागा पाहणीला माणूस टेप घेऊन येतो तेव्हा सगळेच प्रकरण फसते. इंजिनिअरला खरे सांगा. तो मोजून तीन गोष्टी सांगेल : जागा विकास योजनेत राहण्याच्या विभागात आहे की रस्त्याच्या वा आरक्षणाच्या रेषेत, बांधकाम मंजूर चटईक्षेत्रात बसते का, आणि चारी बाजूंनी सोडायचे सामासिक अंतर सुटले आहे का. डिसेंबर २०२० पासून मुंबई व काही मोजके प्रदेश वगळता राज्यभर एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, त्यामुळे हे नियम त्या पुस्तकातच सापडतात. त्यात बसेल तेवढे शुल्क भरून नियमित होऊ शकते. न बसणारे पाडावे लागते. अर्धे वाचवायचे असेल तर उरलेले आपल्या हाताने काढलेले बरे. निदान विटा तरी शाबूत निघतात.

नदीकाठच्या सभासदांनी पूररेषा आधी पाहावी. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत घर बांधायला मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच हवे. २०१९ चा पूर ज्यांनी माळ्यावर बसून काढला त्यांना याचे कारण सांगायला नको.

कागदांत सर्वांत जास्त अडते ते सात-बारावर. वडील जाऊन वीस वर्षे झाली तरी वारसनोंद नाही, किंवा चार भाऊ आणि दोन बहिणींची नावे सामाईक आणि घर एकाचे. मग सर्वांची संमती लागते, आणि नेमके त्याच वर्षी बांधावरून भांडण झालेले असते. संमती, भूमि अभिलेखाची मोजणी, जागेच्या वापराबाबत महसूल खात्याचे कागद आणि हद्दवाढीपूर्वीचा ग्रामपंचायतीचा एखादा दाखला असेल तर तोही, हे नोटीस येण्याआधीच जमवून ठेवावे. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. अनधिकृत घरालाही पट्टी लागते.

गुंठ्यागुंठ्याने घेतलेल्या प्लॉटसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा निराळा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. सरकार एक दिवस सगळेच माफ करील, असे पारावर ऐकू येते. २०१७ साली कलम ५२-क आले तेही ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांपुरते. त्यानंतर बांधलेल्याने त्या आशेवर बसू नये.

सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी सक्तीची केली. रस्ता, पदपथ, नदी-नाल्यातील बांधकामाला मात्र हे लागू नाही. पुढच्याच महिन्यात, १७ डिसेंबरला, त्याच कोर्टाने बजावले की घर जुने झाले किंवा त्यात पैसा ओतला म्हणून ते कायदेशीर ठरत नाही, आणि बँकांनी इमारतीवर कर्ज देताना भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. म्हणजे घर तारण ठेवून पोराच्या शिक्षणाचे कर्ज काढायचे तरी हा कागद लागणार.

अर्ज दिल्यावर ६० दिवसांत निर्णय कळवावा, असे कलम ४५ सांगते. नामंजूर झाला तर आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते. ही तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. तोडणीच्या गडबडीत ती निघून जाते.

आमच्या त्या सभासदांच्या घराचा बाहेरचा जिना सामासिक अंतरात होता आणि पुढचे दुकान रस्त्यात आलेले होते. दुकान त्यांनी स्वतः काढले, जिना आत घेतला. संमतीसाठी धाकट्या भावाकडे तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला त्यांच्या मातोश्री बरोबर गेल्या, तेव्हा सही मिळाली. शुल्क भरले, परवानगी आली. लग्न त्याच घरात झाले. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या अजून उघड्याच आहेत. त्याचा नकाशा या खेपेला आधी टाकला आहे.