नांगर जहाजाचा, शेत भुईमुगाचं

दुसरं महायुद्ध संपलं, रणगाडे रिकामे झाले. मग जुंपा त्यांना शेतीला! 1947 मध्ये ब्रिटिश सरकारनं टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, भुईमुगाची अवाढव्य योजना काढली. शेरमन रणगाड्यांचे ट्रॅक्टर केले, नाव ‘शेरव्हिक’. रान साफ करायला दोन बुलडोझरांमध्ये नांगराचा साखळदंड बांधला. नांगर कुठला? जहाजाचा! पण योजनेच्या जागेची, कोंग्वाची, माती उन्हात अशी काही आवळायची की शेंगा बाहेर येईनात. काढणीला जमिनीत ओल हवी, हे आपल्या धुळ्याच्या शेतकऱ्यानं चहाच्या कपावर सांगितलं असतं. 1951 मध्ये गाशा गुंडाळला, तोवर सुमारे 3.6 कोटी पौंड मातीत गेले होते.

पुन्हा भुईमूगच, पण माली देशातला. शेंगा फोडून फोडून बायकांची बोटं सोललेली. 2001 मध्ये तिथे गेलेल्या जॉक ब्रँडिस यांनी एका बाईला ‘यंत्र आणून देतो’ असा शब्द दिला. घरी येऊन शोधतात, तर तसलं स्वस्त यंत्रच नाही! मग स्वतःच जुळवलं. आत एक शंकू, बाहेर भांडं, दोन्ही सिमेंटची, वर हातानं फिरवायचा दांडा. मधल्या फटीत शेंग रगडली जाते, दाणा शाबूत राहतो. साचा मिळाला की गावातच ओता.

केनियातल्या पायपंपाचं तर नावच ‘मनीमेकर’! दोन फळ्यांवर उभं राहून जागच्या जागी चालायचं, सात मीटर खालचं पाणी वर येतं. ना डिझेल, ना वीज, ना लोडशेडिंगची कटकट. मार्टिन फिशर आणि निक मून यांनी 1991 मध्ये नैरोबीत संस्था काढली आणि हट्ट धरला, की पंप फुकट वाटायचा नाही, विकायचा. पदरचे पैसे घातले की माणूस वस्तू अडगळीत टाकत नाही, हा हिशोब. मला तो पटतो.

नायजेरियात ‘हॅलो ट्रॅक्टर’ नावाची सेवा आहे. टॅक्सीसारखा ट्रॅक्टर मागवायचा. एकट्याच्या तुकड्यासाठी तो कशाला येईल? म्हणून एजंट आसपासच्या शेतकऱ्यांची नावं गोळा करतो, मग ट्रॅक्टर फिरतो.

सगळ्यांत भारी मात्र चवळी साठवायची पिशवी. बाहेर पोतं, आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, तोंड करकचून बांधलेलं. औषध नाही, पावडर नाही. आतले भुंगे श्वास घेत राहतात आणि पिशवीतला प्राणवायू स्वतःच संपवून बसतात.